बावीस कुंड्या सोनटक्का

आमच्या घळीच्या समितीत मी शिरले ती भांडायला म्हणून.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात घर घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. २०१३च्या आसपासची गोष्ट. हॅमिल्टन शहरातून अशा बऱ्याच घळी जातात. वर सपाटीवर घरं, गॅरेजं, ट्रॅम्पोलिनं. मागचं कुंपण ओलांडलं की जमीन एकदम खाली उतरते आणि तळाशी ओढा असतो. आमच्या मागेही तशीच एक घळ होती. कोणीतरी दर शनिवारी लॉन कापून झाल्यावर कापलेलं गवत उतारावरून खाली लोटत असे. ते कुजायचं, त्याचा वास यायचा आणि ओढ्याचं पाणी उकळलेल्या चहासारखं दिसायचं. मी दोन शनिवार पाळत ठेवली, घरनंबर आणि वेळ लिहून काढली. अशा तक्रारी ऐकणारी स्थानिक समिती महिन्यातून एकदा कम्युनिटी हॉलमध्ये बसते असं कळलं, तेव्हा तो कागद घेऊन तिथे गेले.

सातजण बसले होते, सगळे माझ्याहून वयाने मोठे. दारात चिखलाच्या गमबुटांची रांग आणि आत सगळे मोज्यांवर. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त शेतकरी. आज जिथे आमचं घर आहे तिथे एके काळी त्यांच्या गाई चरत. बारा महिने हाफ पँट. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, शेजारच्या बाईंना म्हणाले, "हिने वेळसुद्धा लिहिलीय," आणि बैठक संपायच्या आत मी समितीची सेक्रेटरी झाले होते. मला वाटतं आधीची सेक्रेटरी बरीच वर्षं कोणीतरी कागद घेऊन दारात येण्याचीच वाट पाहत होती.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नळ्या, लेबलं, नोंदी. त्यामुळे समितीचं काम मला मानवलं. कौन्सिलकडे नकाशे होते, तज्ज्ञ होते, पण घळीत रोज कोण उतरणार? ते आम्ही उतरायचो. कुठे काठ खचलाय, कुठल्या सापळ्यात उंदीर आलाय, कोणी मासे जाण्याच्या वाटेत फळ्या टाकल्यात, हे आम्ही कळवायचं. झाड तोडायची परवानगी कोणी मागितली तर आम्ही जाऊन बघायचं आणि मत द्यायचं. ते मत कौन्सिलला बंधनकारक नव्हतं, पण ते क्वचितच बाजूला सारलं जाई, कारण आमच्या अध्यक्षांना नाही म्हणणं ही मोठी वेळखाऊ गोष्ट होती.

माझ्याकडे दारोदार जाण्याचं काम आलं. रंगाचे ब्रश रस्त्यावरच्या जाळीत धुणाऱ्या माणसाला जाऊन सांगायचं की बाबा रे, ही जाळी गटाराला जात नाही, थेट ओढ्याला जाते. बहुतेकांना हे खरंच ठाऊक नसायचं. एका तरुण नवऱ्याने तर ब्रश हातात धरून विचारलं, "मग ईल मासे निळे होतील का?" मी म्हटलं, "मरतील. रंग कुठला का असेना." त्याने ब्रश आत नेला. पुढे तोच झाडं लावायला येऊ लागला.

पाच वर्षांत घळ बदलली. आम्ही जमिनीवर पसरणारी ती रसरशीत परदेशी वेल पोत्यांनी उपसली आणि तिच्या जागी इथली झाडं लावली. पीवाकावाका नावाचा शेपटीचा पंखा करणारा चिमुकला पक्षी आमच्या डोक्याभोवती घिरट्या घालू लागला. अध्यक्ष म्हणत, आपण माती हलवतो, किडे उडतात, त्याला जेवण मिळतं; प्रेमबिम काही नाही. मला हे स्पष्टीकरण आवडलं.

मग घळीच्या वरच्या फाट्याचा प्रश्न आला. मुख्य ओढ्याला एक छोटा ओढा येऊन मिळतो, त्याचा तो निमुळता फाटा. एका बिल्डरला तो भरून तिथे चार-पाच घरं बसवायची होती. त्याचं म्हणणं, ते नुसतं तणाचं रान आहे. आमचं म्हणणं, रान होतं, आता नाही. कौन्सिलने मधला मार्ग काढला: येत्या वसंतात त्यांची अधिकारी येऊन फाटा पायी फिरेल. तिथे एकही बंदी असलेली वनस्पती नसेल आणि कोणीतरी तिथे नीट लक्ष ठेवतंय असं दिसलं, तर फाटा कायमचा संरक्षित यादीत. नाहीतर बिल्डरचा अर्ज पुढे जाईल. वसंत म्हणजे इथे सप्टेंबर-ऑक्टोबर. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा एप्रिल चालू होता.

आता सोनटक्क्याकडे येते.

ऑकलंडला फ्लॅट बुश उपनगरात माझी एक जुनी मैत्रीण राहते. आम्ही दोघी इथे शिकायला एकाच वर्षी आलो. त्याच्या दोन वर्षं आधी तिच्याकडे गेले असताना तिच्या कुंपणापलीकडे एक ताटवा फुललेला दिसला. लांब पानं, फिकट पिवळसर फुलं, आणि वास! मी फुलांवर जीव टाकणारी बाई नाही. माझ्या लग्नातला गजरासुद्धा मला टोचत होता. पण चिंचवडला श्रावणात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई टोपलीत सोनटक्का घेऊन बसायची, तो वास नाकाला पाठ होता. मैत्रीण म्हणाली, "ने ना, हीप्स आहे इथे, ढीगभर." तिने फावड्याने एक कंद उकरून दिला, आल्यासारखा गाठीगाठीचा. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला आणि मोठ्या टबात लावला. तो वाढला. फुलला मात्र नाही. टब भरून गेला तेव्हा मी गाठी वेगळ्या केल्या आणि माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

आमच्याकडे दर वर्षी जानेवारीच्या शेवटी संक्रांतीचा कार्यक्रम असतो. ऐन उन्हाळ्यात. तिळाचे लाडू वळताना तळहाताला घाम येतो आणि मुलं टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे घालून मागे पाण्याच्या पाइपाखाली नाचत असतात. हळदीकुंकू असं आम्ही म्हणत नाही, तिळगुळाचा कार्यक्रम म्हणतो, कारण येणाऱ्यांत बौद्ध घरांतल्या बायका आहेत, दोघी विधवा आहेत, शेजारची एक गुजराती आहे, आणि कोणाला कुंकू लावायचं नि कोणाला नाही या हिशेबात मला कधीच रस नव्हता. तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना. आता वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देऊन देऊन प्रत्येकीच्या कपाटात एकाच झाकणाचे आठ-आठ डबे झाले होते. त्या वर्षी मी ठरवलं, डबे बास. झाड द्यायचं. योगर्टच्या रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडून बावीस कुंड्या तयार केल्या आणि बावीसजणींना सोनटक्का लुटला. काय कौतुक झालं! घळ समितीची सेक्रेटरी म्हणून मी चार वाक्यांचं भाषणही ठोकलं. निसर्ग जपा वगैरे.

एप्रिलच्या बैठकीत अध्यक्षांनी कौन्सिलकडून आलेली चित्रांची कार्डं आणली. बंदी असलेल्या वनस्पती ओळखा. ते एकेक कार्ड वर धरत, आम्ही नाव सांगत होतो. चौथं कार्ड वर आलं. लांब पानं. फिकट पिवळसर फुलं.

"वाइल्ड जिंजर," अध्यक्ष म्हणाले. "हिचे दोन प्रकार आहेत, दोन्ही वाईट. जमिनीत गाठींची गादी करते, खाली दुसरं काही उगवू देत नाही. एक तुकडा ओढ्यात पडला तर पुराबरोबर पुढच्या काठाला जाऊन रुजतो. विकायला बंदी, लावायला बंदी, वाटायला बंदी. कोणी पाहिलीय का आपल्याकडे?"

मी माझ्या मोज्यांकडे बघत बसले. इतिवृत्तात मी लिहिलं: 'कोणी पाहिलेली नाही.' माझ्या अक्षरात.

घरी येऊन पहिल्यांदा टब उपसला. मग जेवताना नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती काटा खाली ठेवून म्हणाली, "आई, यू आर लिटरली द पेस्ट."

नवरा म्हणाला, "ग्रुपवर टाक. वाण परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून अध्यक्षांना फोन केला. मी सगळं सांगितलं, इतिवृत्ताचंही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बावीस."

"कुठे आहेत ते माहीत आहे?"

"प्रत्येकीचं घर माहीत आहे. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे."

तेव्हा ते हसायला लागले. ते इतके हसले की त्यांच्या बायकोने मागून काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाले, "हे बघ, इतक्या व्यवस्थित याद्या ठेवणारा गुन्हेगार मी पहिल्यांदाच बघतोय. सगळे परत आण, एक गाठही मागे ठेवू नकोस. आणि पुढच्या बैठकीत उभी राहून सांग. तुझं इतिवृत्त दुरुस्त कर."

"राजीनामा देऊ का?"

"मग टाइप कोण करणार?"

मी ग्रुपवर लिहिलं: 'मैत्रिणींनो, यंदाचं वाण परत हवं आहे. कुंडीसकट. कंपोस्टमध्ये टाकू नका, कोणाला देऊ नका. मी स्वतः येऊन नेईन.' पाच मिनिटांत चाळीस मेसेज.

'वाण परत??'

'अगं असं कोणी करतं का?'

'डबे पण परत का गं? माझ्याकडे आठ आहेत.'

हे चिंचवडला आईपर्यंत कसं पोचलं मला आजही माहीत नाही, पण संध्याकाळी तिचा फोन आलाच. "दिलेलं वाण परत मागितलंस? उभ्या जन्मात ऐकलं नाही असलं. कोणी सवाष्ण काय म्हणेल?"

"आई, ते झाड इथे बेकायदा आहे."

"सोनटक्का? बेकायदा?" ती बाबांना द्यायला लागली फोन. माझ्याशी बोलण्यात तिला अर्थ वाटेना.

दोन शनिवार-रविवार मी गाडीच्या डिकीत ताडपत्री घालून हिंडले. एकीने सांगितलं, "माझं तर केव्हाच मेलं." मी म्हटलं, "मेलेलं दाखव." तिला राग आला, पण दाखवलं, मेलेलं नव्हतं, नुसतं वाळलं होतं आणि बुडाशी हिरवा कोंब होता. एकीने ते वॉशिंग मशीनवर ठेवलं होतं आणि त्याला रोज 'गुड मॉर्निंग' म्हणत होती. एकीने ते पामर्स्टन नॉर्थला शिकणाऱ्या मुलीकडे पोचवलं होतं, घरची आठवण म्हणून. त्या मुलीने फोनवर मला सांगितलं, "मावशी, आय थॉट ते आलं आहे. मी थोडं चहात घातलं." चव कशी लागली विचारलं तर म्हणाली, "नॉट ग्रेट." उरलेलं तिने पुढच्या आठवड्यात बसने येताना बॅगेतून आणून दिलं, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, जणू काही स्फोटक.

एकवीस झाल्या. बाविसावी कुंडी आमच्या घरापासून तिसऱ्या घरात होती, काकूंकडे.

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या इंजिनिअरची आई. अकोल्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं. सत्तरी पार, पाठ ताठ, आवाज असा की कौन्सिलचा कचऱ्याचा ट्रकही त्यांनी हाक मारली की थांबतो. त्यांच्या घराची मागची बाजू नेमकी वरच्या फाट्यावर येते.

मी दार वाजवलं. त्यांनी मला आत घेतलं, चहा टाकला आणि विचारलं, "कुंडी न्यायला आलीस ना? ती ही बघ." योगर्टचा डबा, स्वच्छ धुतलेला, रिकामा.

"झाड कुठंय, काकू?"

"कुंडीत कुठं जगतं ते? त्याला पाणी पाहिजे, ओल पाहिजे. तू दिलंस त्याच दिवशी ओळखलं मी. चल, दाखवते."

त्यांच्या मागच्या कुंपणाला एक फाटक होतं. त्यातून त्या साडीवर मुलाचं जाकीट घालून माझ्या पुढे उतरल्या, एका हाताने नेच्यांना धरत. ओढ्याच्या काठाला, आम्ही तीन वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांच्या सावलीत, माझा सोनटक्का छातीएवढा उभा होता. आणि त्याच्या टोकाला कळ्यांचं हिरवं कणीस धरलं होतं. माझ्याकडे दोन वर्षं टबात राहून फुलला नाही, तो इथे तीन महिन्यांत कळ्यांवर आला. त्यांनी बरोबर जागा निवडली होती. हाच तर सगळा प्रश्न होता.

मी त्यांना समजावलं. अधिकारी, यादी, बिल्डर, घरं. त्यांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे हे इथं राहिलं तर हा ओढा जाईल?"

"जाऊ शकतो."

"आणि हे तू दिलंस."

"हो."

"आणि मी लावलं." त्या कळ्यांकडे बघत राहिल्या. "तीन आठवड्यांनी बुद्धपौर्णिमा आहे. इथं आल्यापासून मी सुपरमार्केटची फुलं वाहते तथागतापुढं. वास नाही त्यांना. रबरासारखी असतात. तेवढी पौर्णिमा होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः उपटते."

मला नाही म्हणायचं होतं. माझ्या यादीत एकवीस बरोबरच्या खुणा होत्या आणि शेवटची बाकी होती. पण हे झाड मीच हातात दिलं होतं, वर भाषण करून. मी म्हटलं, "विचारून सांगते."

अध्यक्षांना तिथूनच फोन लावला. त्यांनी फुलाचा रंग विचारला, फोटो मागवला. मग म्हणाले, "पिवळट प्रकार आहे. हा इथे बी धरत नाही, सगळा उपद्व्याप गाठींचा. फुलाने काही बिघडत नाही. पण पाऊस जोरात झाला आणि काठ खचला, तर गाठी पुढे जातील. तीन आठवडे रोज कोणीतरी बघेल?"

मी काकूंना विचारलं.

"रोज?" काकू म्हणाल्या. "मी दिवसातून तीनदा येते इथं."

त्या तीन आठवड्यांत मी हवामानाचा अंदाज जितक्यांदा पाहिला तितक्यांदा आयुष्यात पाहिला नसेल. दोनदा पाऊस झाला. दोन्ही वेळा काकूंनी छत्री धरून वरून फोन केला: "जागेवर आहे." मधल्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं आणि इतिवृत्त दुरुस्त केलं. एकजण म्हणाले की समितीच्या सेक्रेटरीनेच वाटलेली वनस्पती काकूंच्या पूजेसाठी ठेवायची, हे कौन्सिलला कळलं तर हसं होईल. अध्यक्ष म्हणाले, "इथल्या निम्म्या घळींत माझ्या बापाने विलो लावलेत, काठ धरून ठेवतील म्हणून. चाळीस वर्षं मी ते काढतोय. त्याने पौर्णिमेपर्यंतसुद्धा थांबायची परवानगी विचारली नव्हती. पुढचा विषय."

पौर्णिमेच्या सकाळी काकूंनी बोलावलं. हॉलमध्ये शुभ्र चादरीवर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, आणि एका स्टीलच्या तांब्यात सोनटक्क्याचा एकच दांडा. सगळी फुलं उमललेली. त्या वासाने घर, पोर्च, अगदी गाडी लावायची जागासुद्धा भरली होती. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याचजणी आल्या होत्या, आपापलं वाण परत केलेल्या. वंदना झाली, खीर झाली. 'गुड मॉर्निंग'वाली माझ्या कानात म्हणाली, "आमच्याकडे हे असं फुललं असतं का गं?" मी म्हटलं, "नाही. तुझं वॉशिंग मशीनवर होतं." माझी मुलगी फुलाजवळ नाक नेऊन उभी राहिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "ओके. आय गेट इट." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ आणि पोती घेऊन गेले. काकू खुरपं घेऊन आधीच खाली होत्या. मूळ झाड आम्ही अर्ध्या तासात काढलं. मी पोतं बांधायला घेतलं तर काकू म्हणाल्या, "थांब. हे एकटं राहील म्हणून मी गाठी थोड्या पुढंपुढंही लावल्यात."

"किती पुढे?"

त्यांनी हाताने ओढ्याच्या वरच्या बाजूला दाखवलं. "त्या वळणापर्यंत."

मी तिथल्या तिथे चिखलात बसले. मग ग्रुपवर एकच ओळ टाकली: 'गमबूट घालून या. खुरपी आणा.'

अकरा बायका आल्या. एक ऑफिसची मीटिंग न सोडता, कॅमेरा बंद करून फोन कानाला लावूनच आली आणि खणता खणता मधूनच "येस, ॲबसोल्युटली" म्हणत होती. एक जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून आली. पहिल्याच पावलाला एक जँडल चिखलात राहिली आणि ती आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाही. अध्यक्षांनी नंतर ती कचऱ्याच्या नोंदीत लिहायला लावली. अध्यक्षही आले, मोठं फावडं घेऊन. त्यांना वाटलं होतं, आपण सूचना देऊ. काकूंनी त्यांच्याकडून फावडं काढून घेतलं आणि खुरपं हातात दिलं. "फावड्याने तुकडे होतात," त्या मराठीत म्हणाल्या. "हाताने चाचपून काढायचं." मी भाषांतर करणार होते, पण अध्यक्ष गुडघ्यांवर बसून चाचपायलाही लागले होते.

दुपारपर्यंत नऊ पोती भरली. काकू काठावर उभ्या राहून एकेक जागा सांगत होत्या, वर्गात बाकावरच्या मुलांची नावं घ्यावी तशा: इथे एक, त्या दगडाशी एक, नेच्याच्या मागे दोन. ओढ्याच्या उथळ पाण्यात एक भला लांब ईल दगडाखालून बाहेर आला आणि आमच्या पायांमधून सावकाश निघून गेला. जँडलवाली किंचाळली. काकू म्हणाल्या, "ओरडू नकोस. त्याचं घर आहे."

पोती गाडीत घालून कचरा केंद्रावर नेली आणि तिथल्या माणसाला सांगितलं, ही खोल पुरा. त्याने पोतं उघडून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत 'झकास'.

जून, जुलै, ऑगस्ट. दर रविवारी कोणीतरी दोघीजणी काकूंबरोबर खाली उतरून जमीन चाचपून येत. मी वेळापत्रक केलं होतं, पण ते लागलं नाही. बायका आपणहून येत, भजी करून आणत आणि काठावर बसून खात. त्या तीन महिन्यांत फाट्यावर जितकी वर्दळ झाली तितकी आधीच्या पाच वर्षांत झाली नव्हती. जाता येता त्यांनी दोन खचलेले काठ कळवले, एक फुटका पाइप शोधला आणि बिल्डरच्या माणसाने उतारावर टाकलेला सिमेंटचा ढीग फोटोसकट मला पाठवला. त्या फोटोवर वेळही होती.

अधिकारी आली ती सप्टेंबरमध्ये. तरुण मुलगी, हातात टॅब्लेट, बोलणं नेमकं. अध्यक्ष, मी आणि काकू तिच्याबरोबर उतरलो. मी ओढ्याकडे बघतच नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती नेचे बाजूला करून बघे, टॅब्लेटवर टिचकी मारे, पुढे जाई. वळण जवळ आलं. काही सापडलं नव्हतं. अजून दहा पावलं.

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. त्यांनी खाली वाकून सुकलेल्या पानांचा थर बाजूला केला. बोटभर, गुलाबीसर, टोकदार कोंब. अधिकारी तिथून पुढे निघून गेली होती. तिला तो दिसला नव्हता आणि दिसलाही नसता.

काकूंना मी आधीच सांगून ठेवायला हवं होतं का, की आज गप्प बसा? पण तसं सांगायला जीभ रेटली नसती, आणि रेटली असती तरी त्यांनी ऐकलं नसतं.

"हे बघा," काकू इंग्रजीत म्हणाल्या, शाळेतल्या ठाम इंग्रजीत. "धिस वन इज माइन. आय प्लँटेड. आय रिमूव्ह."

अधिकारी परत आली. तिने कोंब बघितला, काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिला सगळं सांगितलं: वाण, बावीस कुंड्या, पौर्णिमा, नऊ पोती, रविवार. माझ्या वहीत सगळ्या नोंदी होत्याच, त्या दाखवल्या. तिने वही पहिल्या पानापासून वाचली. अध्यक्ष खोकले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "इथे दर आठवड्याला माणसं येतात, आणि त्यांना एवढासा कोंब दिसतो?"

"तिला दिसतो," अध्यक्ष काकूंकडे बोट करून म्हणाले. "आम्हाला अजून शिकायचंय."

तिने टॅब्लेटवर बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाली, तणच नाही अशी घळ तिने या शहरात अजून पाहिलेली नाही आणि पाहील असं तिला वाटत नाही. ती बघायला आली होती की तण आलं तर कोणाच्या लक्षात येईल का. फाटा यादीत घालावा अशी ती शिफारस करणार होती. कोंबाची नोंदही अहवालात जाईल, आणि तो कोणी शोधला तेही.

अध्यक्षांनी हाफ पँटला हात पुसून तिच्याशी हस्तांदोलन केलं. मग माझ्याशी केलं. आजवर त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांचा हात मातीने खरखरीत होता आणि त्यांनी तो नको इतका जोरात हलवला. अधिकारी वर गेली, तिच्या गाडीचा आवाज दूर गेला. वरून भज्यांचा वास आला आणि बायकांचा गलका, कुंपणावरून खाली वाकून कोणीतरी ओरडलं, "काय झालं? सांगा ना!"

मी वर हात करून अंगठा दाखवला. वर जो काय आरडाओरडा झाला त्याने झाडांतले पक्षी उडाले.

"चला काकू," मी म्हटलं. "भजी गार होतील."

काकू हलल्या नाहीत. गुडघ्यांवर बसून, बाही कोपरापर्यंत वर सारून त्या ओल्या मातीत हात घालून चाचपत होत्या.

"तुम्ही व्हा पुढं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "गाठीचा आणखी एक डोळा राहिलाय इथं. मी लावलंय, मला माहीत नसणार?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मग दोघेही खाली बसलो आणि हात मातीत घातले.